दहा चुकले, एक बरोबर

१

गुन्हा असा होता की आदर्श सोनकांबळेची तीन गणितं बरोबर आली होती.

डोळस पोराची गणितं बरोबर आली की घरात पेढे येतात. आंधळ्याची आली की चौकशी बसते.

नांदेडच्या 'उजेडवाट' वाचनालयात ब्रेल ग्रंथपालाची जागा निघाली होती. एकच. परीक्षेला अकरा आंधळे उमेदवार बसले. दहा जणांची तीन गणितं चुकली, आणि दहाही जणांची उत्तरं एकसारखीच चुकली. बरोबर आली ती फक्त आदर्शची. मग वाचनालयानं एका जाणत्या माणसाकडून ब्रेल प्रश्नपत्रिका वाचून घेतली, तेव्हा कळलं की घोळ छपाईत आहे. मूळ कागदावर होतं: एका कपाटात ३५ पुस्तकं मावतात, तर १२ कपाटांत किती? ब्रेलमध्ये उमटलं होतं ३९. दहा जणांनी इमानदारीनं एकोणचाळीसचं गणित सोडवलं. आदर्शनं सोडवलं पस्तीसचं. म्हणजे जो आकडा पेपरात नव्हताच, त्याचं.

मग त्याला तो कळला कुठून? पेपर छापला लातूरच्या छापखान्यात, आणि तिथं छपाईआधी प्रत तपासायला बसते त्याची सख्खी बहीण, महामाया. झालं. निकाल लागला.

"शुक्रवारी चारला बैठक हाय, बाई," महामाया सांगत होती. तिचा आवाज रडून रडून कोरडा पडला होता. "पेपर फोडला असं लिहून पोलिसात देणार म्हणतात. एकदा पोलिसात नाव गेलं की आंधळ्याला कोण नोकरी देतंय? आधीच आमचं आडनाव ऐकून लोकाच्या कपाळाला आठ्या पडतात."

मंजुश्री बिरादार खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. वय चोपन्न. नवव्या वर्षी गोवरानं डोळे गेले. लातूरच्या अंधशाळेत तिनं अठ्ठावीस वर्षं ब्रेल शिकवलं. ही दोघं बहीणभावंडं तिच्याच हाताखालून गेलेली. वसतिगृहात कुणाचा रेडिओ गेला, कुणाची काठी हरवली, की पोरं वॉर्डनकडे न जाता बाईंकडे जायची. वॉर्डन दम द्यायचा. बाई चोर शोधायच्या.

"मला एक सांग आणि खरं सांग," मंजुश्री म्हणाली. "भावाला आकडे सांगितलेस का?"

"न्हाई."

"सांगितले असतील तर आत्ताच बोल. मग मी वेगळं डोकं लावते."

"बाई, आईची आण. त्याच्याशी महिनाभर बोलणं बी नव्हतं. त्यानं फॉर्म भरलाय हे मला नांदेडच्या लोकाकडून कळलं."

"छापायच्या आधी प्रत तूच वाचलीस?"

"हाव. तीनदा. पस्तीसच होतं. बोटाखाली पाच आला का नऊ आला, एवढं बी मला कळत न्हाई का?"

कळतं. मंजुश्रीला ते पक्कं ठाऊक होतं. महामायाची बोटं सबंध मराठवाड्यात नावाजलेली होती.

"म्हणजे तुझ्या बोटाखाली पाच, आणि त्या दहा जणांच्या बोटाखाली नऊ," ती हळू म्हणाली. राग बाजूला सरला आणि तिच्या आवाजात जुनी खाज जागी झाली. "मजकूर एक. छापखाना एक. काठी घे माझी. निघू."

२

छापखान्याचे मालक आप्पासाहेब पूर्वी तलाठी होते. नोकरी सुटली, वही सुटली नव्हती.

"या बिरादार बाई. माझ्याकडे सगळं लेखी असतं," बसायच्या आधीच ते म्हणाले. टेबलावर जाड रजिस्टर आपटल्याचा आवाज आला. "तीस वर्षं दप्तर सांभाळलं. एक खाडाखोड दाखवा, मिशी उतरवतो. चुकलं तर चुकलेली ओळ तशीच ठेवायची, खाली नवी लिहायची. शेवटची ओळ खरी. इथंबी प्रत्येकाला हाच नियम."

"मिशी राहू द्या. पेपर कुणी छापला ते सांगा."

"सुदर्शननं."

सुदर्शन ऑपरेटर. डोळस, तिशी ओलांडलेला. घोगरा आवाज, आणि बोलता बोलता पेनाचं टोपण उघडझाप करायची सवय. मंजुश्रीनं विचारलं, "ब्रेल कसं छापतोस?"

"बटन दाबतो, मॅडम. येतं."

"तक्ता कुठला वापरतोस?"

टोपण थांबलं. तिला तक्त्याची माहिती असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आंधळ्या बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, हा डोळस लोकांचा आवडता गैरसमज. ब्रेलच्या छपाईत जादू कसलीच नसते. कॉम्प्युटरात एक लांबलचक तक्ता असतो. एका ओळीत एक अक्षर आणि त्यापुढं त्याचे ठिपके. कॉम्प्युटर मजकुरातलं अक्षर घेतो, तक्त्यात शोधतो, तिथं लिहिलेले ठिपके कागदावर उठवतो.

"तक्ता एकच हाय," सुदर्शन म्हणाला. "कॉम्प्युटर दोन. जुना आन् नवा. नवा दिवाळीनंतर आला, तेव्हा जुन्यावरचा तक्ता मीच पेनड्राइव्हनं त्याच्यावर टाकला. एक टिंब इकडचं तिकडं न्हाई. पाहिजे तर तपासा."

मंजुश्री उठली. एका कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर दळण दळल्यासारखा घरघरत होता. तिनं कळ दाबली तसा तो खणखणीत आवाजात अक्षर बोलला. दुसऱ्या कोपऱ्यातला नवा थंडगार होता. तिनं चार कळा दाबल्या. चूं नाही.

"हा मुका आहे का रे?"

"बोलायचा प्रोग्राम टाकायचा राहिलाय. टाकू पुढच्या महिन्यात."

"मग महामाया कशावर बसते?"

"जुन्यावरच. नव्याला ती हात बी लावत न्हाई. लावून काय करणार?"

मंजुश्रीनं ते डोक्यात ठेवलं. "आप्पासाहेब, पेपरची नोंद वाचा."

पानं फडफडली. "दोन तारीख. नांदेड वाचनालय, प्रश्नपत्रिका. छापल्या, दहा. पाठवल्या..." ते अडखळले. "पाठवल्या, अकरा."

"दहा छापल्या आणि अकरा पाठवल्या? एक वाटेत व्याली का?"

"तसं न्हाई हो. गठ्ठा बांधून झाला आन् नांदेडहून फोन आला की एक उमेदवार वाढलाय. त्याचा दाखला वाचनालयाच्या लोकांनी अडवून ठेवला होता. तवर लाइट गेली. मशीन बंद. मग तपासायची जी प्रत होती ना, तीच घातली खाली. चांगली होती की. कागद काय फुकट येतो?"

"कुणी घातली?"

उत्तर मंजुश्रीच्या पाठीमागून आलं, तोंडात पदर धरल्यासारखं.

"मी," महामाया म्हणाली.

३

"आणि हे मला सकाळी सांगितलं नाहीस."

"भ्यायले होते, बाई. आन् प्रत ती प्रत. त्यात काय वेगळं असणार?"

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मंजुश्री एकटीच नांदेडला निघाली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. शेजारच्या बाईनं तिला दोनदा विचारलं, "सोबत कुणी न्हाई का?" दुसऱ्यांदा तिनं सांगितलं, "आहे की. तुम्ही." बाई मग नांदेडपर्यंत काही बोलली नाही.

वाचनालयाच्या सचिव उज्वला मॅडम. वाईट बाई नव्हती. पण आंधळ्यांवर उपकार करणाऱ्यांना आंधळा आपल्यापेक्षा हुशार निघाला की सोसत नाही, त्या जातीची होती. शेजारी ज्ञानोबा गुरुजी बसले होते. स्वतः आंधळे, वय पंचाहत्तरीच्या पुढं, विष्णुपुरीला लेकीकडे राहत. मंजुश्रीला पहिलं अक्षर त्यांनीच शिकवलेलं. वाचनालयानं पेपर वाचून घेतला तो यांच्याकडूनच.

"मंजे, एकोणचाळीसच होतं गं," गुरुजी कळवळून म्हणाले. "खोटं कसं बोलू?"

"तुम्ही खोटं बोलत नाही, गुरुजी. किती प्रती वाचल्यात?"

"एक. ह्यांनी एकच दिली."

"अकराही कशाला वाचायच्या?" उज्वला मॅडम मध्येच बोलल्या. "एकाच ठिकाणी छापलेल्या. शितावरून भाताची परीक्षा करतो ना आपण?"

"करतो. भात एकाच पातेल्यातला असेल तर. काढा गठ्ठा."

कपाट करकरलं. प्रती एकेक करून तिच्या मांडीवर आल्या. मंजुश्रीचं बोट कागदावरून सरकायला लागलं. पहिली: एकोणचाळीस. दुसरी: एकोणचाळीस. पुढचं गणित बसचं: ताशी ५० किलोमीटरनं तीन तासांत किती अंतर? ब्रेलमध्ये ताशी नव्वद. "नव्वदनं पळणारी एसटी आम्हालाबी दाखवा," ती पुटपुटली. तिसरं मुलांच्या रांगेचं: २५ मुलं होती, तिथं २९. प्रत्येक ठिकाणी पाचाचा नऊ. बाकी एक आकडा हललेला नाही. दहाव्या प्रतीपर्यंत हेच.

अकराव्या प्रतीवर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढं आलं.

"पस्तीस," ती म्हणाली. "पन्नास. पंचवीस. गुरुजी, तुम्ही बघा. मॅडम, ह्या प्रतीवर नंबर कुणाचा चिकटवलाय?"

उज्वला मॅडमच्या बांगड्या वाजल्या. "अकरा. आदर्श सोनकांबळे."

"म्हणजे पोरानं त्याच्या पेपरात होतं तेच सोडवलं. फोडला नाही, फाडला नाही. मिटलं."

"मिटलं?" उज्वला मॅडमचा आवाज चढला. "बाई, उलट आत्ता कळलं! बहिणीनं दहा जणांना मुद्दाम चुकीचा पेपर छापला आणि भावाला तेवढा बरोबर! हे तर पेपर फोडण्यापेक्षा वाईट. आता दोघांवर तक्रार."

४

हातानं सोडवलेली गाठ आणखी घट्ट बसली, की मंजुश्रीला आधी चीड यायची आणि मग भूक लागायची. तिनं चहा मागवला आणि एक प्रत पुन्हा मांडीवर घेतली. पानावरून बोट खाली नेलं. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा.

पाचवा.

"मॅडम, इकडं लक्ष द्या. ह्या चुकीच्या प्रतीत पाचव्या प्रश्नाचा क्रमांक पाचच आहे. नऊ नाही. आणि त्याच प्रश्नाच्या पोटातला पाच मात्र नऊ झालाय. तुम्ही पेपर टाइप कसा केला?"

"कसा म्हणजे? मजकूर मराठीत. क्रमांक आपोआप येतात, ते इंग्रजी आकड्यात येतात."

"हां." मंजुश्रीनं बशी खाली ठेवली. "म्हणजे इंग्रजी पाच शाबूत, आणि मराठी पाच तेवढा बिघडला. तुमच्या डोळ्यांना दोन्ही पाचच. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं. तक्त्यात दोघांच्या ओळी वेगळ्या. मुद्दाम चुकवणारा माणूस आकडा चुकवेल, मॅडम. मराठी पाच तेवढे निवडून कशाला चुकवेल?"

"पण पाचाचा नऊच का?" गुरुजींनी विचारलं. मग स्वतःच हसले. "अगं, ते तर आरशातले भाऊ."

"मॅडमना दाखवा."

गुरुजी ब्रेल टोचायची पाटी पिशवीत घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. पाटीत कागद अडकवून त्यांनी सुईनं दोन टोचे मारले. टक, टक. "बघा मॅडम. वरून बघा. कुठं कुठं टोचलं?"

"एक उजवीकडे वर. एक डावीकडे मध्ये."

"कोणता आकडा झाला हा, त्या तक्त्याप्रमाणं?"

भिंतीवर शाळेचा ब्रेलतक्ता लावलेला असावा. थोड्या वेळानं उज्वला मॅडम म्हणाल्या, "नऊ."

गुरुजींनी कागद काढून उलटा केला. "आता?"

"आता... डावीकडे वर, उजवीकडे मध्ये. पाच."

"पाटीवर आम्ही मागून टोचतो, उजवीकडून डावीकडं. उठाव पलीकडं येतो. बोट तिकडनं वाचतं. वरून डोळ्यानं बघणारा नेमका उलटं बघतो." गुरुजी खुशीत येऊन पुढं म्हणाले, "सहा वर्षांमागं लातूरच्या छापखान्यातबी अस्साच घोटाळा. तक्त्यात मराठी पाचच नव्हता. तो पोरगा, सुदर्शन, मला म्हणला, गुरुजी पाच काढून दाखवा. मी काढला. त्यानं वरूनच बघितला आन् नवाचे ठिपके टाकून मोकळा! दुसऱ्या दिवशी छापील पान माझ्या हातात आलं, मी म्हणलं गाढवा, हा नऊ हाय. लगेच दुरुस्त केला त्यानं. आतापर्यंत बरोबर येत होता की."

मंजुश्री पुढं सरकली.

"दुरुस्त कसा केला, गुरुजी?"

"ते मला काय म्हाईत? केला एवढं खरं."

बाहेर व्हरांड्यात आदर्श बसला होता. बैठकीआधी त्याला आत यायची बंदी होती. मंजुश्रीची काठी ऐकून तो उठला नाही.

"या बाई. चोराला भेटायला आलात?"

"गणितं सोडवताना काही खटकलं का तुला?"

"काय खटकायचं? पेपरात होतं ते सोडवलं. आता चुकायला पाहिजे होतं का? मी चुकलो असतो तर सगळे खूष. बिचारा म्हणून डोक्यावरून हात फिरवला असता. अठ्ठ्याऐंशी गुण पडले ना, हाच माझा गुन्हा."

"दुसरा नंबर कुणाचा?"

"देगलूरची कुणी रुद्राणी हाय. एक्क्याऐंशी. कामून?"

"सहज," मंजुश्री म्हणाली. पण ते सहज नव्हतं. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना तिनं मनात एक बेरीज केली आणि शेवटच्या पायरीवर जागच्या जागी थांबली.

५

शुक्रवारी सकाळी नऊला छापखाना उघडला तेव्हा मंजुश्री दारातच उभी होती.

"आप्पासाहेब, सुदर्शनला माझ्याजवळ बसवा. महामाया, जुन्यावर तक्ता उघड आणि मराठी पाच शोध."

घरघर. कळा. मग कॉम्प्युटर सपाट आवाजात बोलला: "पाच. ठिपके दोन, चार."

"हे नवाचे ठिपके!" महामाया ओरडली. "बाई, पण माझ्या प्रतीत तर..."

"थांबू नको. पुढं शोध."

"एवढ्यात सापडला की."

"अजून शोध म्हणते ना."

बराच वेळ कळा वाजल्या. मग तोच आवाज आला: "पाच. ठिपके एक, पाच."

एकाच तक्त्यात एकाच अक्षराच्या दोन ओळी. वरची चुकीची, खाली चारशे ओळी सोडून बरोबर.

"फाइल शेवटची कधी बदलली ते ऐकव."

तारीख सहा वर्षांपूर्वीची निघाली. सहा वर्षांत त्या तक्त्याला कुणाचं बोट लागलं नव्हतं. महामायाचंही नाही.

"सुदर्शन, आता दोन्ही कॉम्प्युटरवरून एकेक मराठी पाच छाप. बाकी काही नको."

जुन्याचं पान आलं. मंजुश्रीनं बोट ठेवलं. पाच. नव्याचं आलं. नऊ.

"आता बोल," ती म्हणाली. "का मीच बोलू?"

सुदर्शनच्या हातातलं टोपण खाली पडून घरंगळत गेलं. त्यानं ते उचललं नाही.

"गुरुजी रागावले तवा मी चुकलेली ओळ काढली न्हाई, मॅडम. साहेबांचा नियम. जुनी तशीच ठेव, खाली नवी लिही. म्हणून तक्त्याच्या शेवटी बरोबर ओळ लिहिली. जुना प्रोग्राम एकच अक्षर दोनदा आलं की शेवटची ओळ धरायचा. चालून गेलं."

"आणि नवा?"

"नवा उलटा निघाला. पहिली धरतो, दुसरी सोडतो. आधी कथांची पुस्तकं छापली, त्यात पानांचे इंग्रजी नंबर सोडून आकडेच न्हाई. मराठी आकड्यांचं पहिलं काम म्हंजे हा पेपर."

"दुसरी ओळ सोडताना प्रोग्राम काही सांगत नाही?"

"सांगायचा. पिवळी पट्टी यायची. अमुक अक्षर आधीच आलंय, ही ओळ सोडली. दर छपाईला यायची. मी... मी ती बंद करून टाकली."

"नांदेडची तक्रार कळली तेव्हा तुझ्या ध्यानात आलं होतं?"

"परवा रातच्याला आलं."

"आणि गप्प बसलास."

"लेकरं हायेत, मॅडम. नोकरी गेली असती."

"हिची जात होती! तिच्या भावाला पोलिसात नेत होते!" मंजुश्रीनं काठी फरशीवर आपटली. "तुझी भाकरी ती भाकरी, आणि ह्यांची काय माती आहे का? चूक झाली ती समजू शकते. चूक सगळ्यांची होते. पण परवा रात्रीपासून तू जे केलंस त्याला चूक म्हणत नाहीत."

महामाया उठली, सुदर्शनच्या खुर्चीपर्यंत गेली आणि दोन्ही पानं मंजुश्रीच्या हातातून घेऊन त्याच्या छातीवर दाबली. "चल. नांदेडला तूच दाखवायचंस."

"मी बी येतो," आप्पासाहेब पडेल आवाजात म्हणाले. "नियम माझा होता."

६

बैठकीला अर्धा तास होता. मंजुश्रीनं आदर्शला वाचनालयामागच्या कडुनिंबाखाली नेलं. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आणखी एक आहे. एका गणिताला तीन गुण. त्या दहा जणांनी त्यांच्या पेपरात होतं ते बरोबर सोडवलं असेल, तर प्रत्येकाचे नऊ गुण वाढतात. रुद्राणीचे नव्वद होतात. तुझे अठ्ठ्याऐंशी."

आदर्शनं विचारलं, "हे त्यांच्या ध्यानात आलंय?"

"नाही. त्यांना तुझ्यापलीकडं काही दिसलंच नाही. पण मी आत बोलणार आहे."

"मग मला कामून विचारून राहिल्या?"

"विचारत नाही. सांगतेय. मागून कळू नये म्हणून."

त्यानं जोरात लाथ मारली. झाडाला बसली की दगडाला, तिला कळलं नाही. पाय मात्र लागला असावा.

आतली बैठक वीस मिनिटांत उरकली. सुदर्शननं दोन्ही पानं दाखवली आणि खालमानेनं सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी स्वतःचा नियम स्वतःच्या तोंडानं सांगितला. मंजुश्रीनं एवढंच जोडलं: "महामायानं दहा चुकीच्या प्रती छापल्या म्हणता. त्या नव्या कॉम्प्युटरवर छापल्यात. तो बोलत नाही. तिला त्यावर साधी फाइल उघडता येणार नाही. ती तुम्हा डोळसांचीच सोय आहे. आणि अकरावी प्रत जुन्यावरची, तपासायची, म्हणून बरोबर. ती आदर्शला गेली कारण त्याचा दाखला तुम्ही शेवटपर्यंत अडवलात, म्हणून तो गठ्ठ्यात सगळ्यांच्या खाली."

उज्वला मॅडमनी सगळ्यांसमोर ठराव वाचला: आदर्श सोनकांबळे आणि महामाया सोनकांबळे यांच्यावर कसलाही आरोप नाही, वाचनालय दिलगीर आहे. मग हलक्या झालेल्या आवाजात म्हणाल्या, "चला. म्हणजे आदर्शच पहिला. अभिनंदन रे बाळा."

मंजुश्रीनं बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच दुसरा आवाज आला.

"त्या दहा जणांचं काय?" आदर्शनं विचारलं.

"त्यांचं काय?"

"त्यांच्या पेपरात एकोणचाळीस होतं. तुम्ही उत्तरं पस्तीसची तपासली. ते कामून मरायचे?"

"दादा!" महामाया कळवळली. "गप बस की!"

"तू गप बस." त्याच्या आवाजात रागाशिवाय दुसरं काही नव्हतं. "मॅडम, रुद्राणीचा पेपर काढा. उत्तरं वाचू नका आधी. मी सांगतो, मग वाचा. आता माझा कुणाच्या तपासण्यावर भरवसा न्हाई."

कागद सरकले. आदर्श ताठ उभा राहून मनात गुणत होता. त्याचे ओठ हलताना होणारा बारीक आवाज मंजुश्रीला ऐकू येत होता.

"एकोणचाळीस गुणिले बारा. चारशे अडुसष्ट."

"चारशे अडुसष्ट," उज्वला मॅडमनी वाचलं.

"ताशी नव्वद, तीन तास. दोनशे सत्तर."

"दोनशे सत्तर."

"एकोणतीस मुलांची रांग. मागून सातवा, तर पुढून तेविसावा."

मॅडमनी शोधून वाचलं, "तेविसावा."

आदर्श म्हणाला, "लावा फोन तिला."

घंटी वाजायला लागली. फोन स्पीकरवर होता. पलीकडं गिरणीचा की कशाचा तरी आवाज येत होता, त्यातून एका मुलीनं हॅलो म्हटलं. उज्वला मॅडम सुरुवात कुठून करावी या विचारात अडकल्या, तसा आदर्शनं आवाजाच्या रोखानं हात पुढं केला आणि फोन जवळ ओढला.

"रुद्राणी ना? मी आदर्श सोनकांबळे. हाव, तोच. चोर म्हणत होते तो. तुमची तीन गणितं बरोबर हायेत. मी तपासली. तुम्ही पहिल्या."

पलीकडं गिरणीचाच आवाज येत राहिला. मग मुलीनं सावकाश विचारलं, "आन् तुमची?"

"माझीबी बरोबर हायेत," आदर्श म्हणाला.